विश्लेषण : चौघं, एक रावण थाळी आणि ६० मिनिटं, हे गणित नेमकं कुठे चुकतं?

रविवारची दुपार, महामार्गावरची मटण थाळीसाठी नावाजलेली खानावळ. चार मित्रांच्या मधोमध परातीएवढी थाळी येते. आधी फोटो, मग व्हिडीओ, मग मोबाइलवर स्टॉपवॉच सुरू. पहिली दहा मिनिटं नुसता हशा असतो. सुकं संपतं, तळलेल्या माशाचे तुकडे उडतात, 'अजून एक मागवायची का' असंही कुणीतरी म्हणून घेतो. विसाव्या मिनिटाच्या आसपास बोलणं कमी होतं. पस्तिसाव्या मिनिटाला एक जण खुर्चीला टेकतो आणि पट्ट्याला हात लावतो. पन्नासाव्या मिनिटाला थाळीत उरतो तो भात, दोन भाकरी, थोडा रस्सा आणि चौघांपैकी कुणालाच नको असलेले तुकडे. बिल पूर्ण भरावं लागतं, उरलेलं पार्सल होतं.

घरून निघताना मात्र हिशोब सोपा वाटलेला असतो. 'आठ किलो भागिले चार, म्हणजे माणशी दोनच किलो. त्यात काय एवढं?' या भागाकारात चूक नाही. चूक आहे ती माणसाचं पोट आणि चार माणसांचं टेबल कसं चालतं, हे न धरण्यात.

ही 'चॅलेंज थाळी' आहे तरी काय?

ठरावीक वेळेत प्रचंड आकाराची थाळी संपवा आणि बक्षीस मिळवा, ही कल्पना राज्यात सर्वाधिक गाजली ती २०२१च्या जानेवारीत. पुण्याजवळच्या वडगाव मावळ इथल्या 'शिवराज' हॉटेलनं 'बुलेट थाळी' आणली होती. सुमारे चार किलो मटण आणि मासे, बारा प्रकार, किंमत २,५०० रुपये आणि वेळ ६० मिनिटं. एकट्यानं संपवली तर बक्षीस म्हणून रॉयल एनफिल्ड बुलेट, जिची किंमत तेव्हा सुमारे १ लाख ६५ हजार रुपये सांगितली गेली. हॉटेलच्या व्हरांड्यात नव्याकोऱ्या बुलेट उभ्या करून ठेवल्या होत्या. लॉकडाऊननंतर गिऱ्हाईक परत यावं म्हणून ही शक्कल लढवण्यात आली होती. त्या वेळच्या बातम्यांनुसार सोलापूर जिल्ह्यातल्या एका तरुणानं तासाच्या आत थाळी फस्त करून बुलेट जिंकली.

याच हॉटेलनं त्याआधी सांघिक आव्हानही दिलं होतं. आठ किलोंची 'रावण थाळी', चार माणसं आणि ६० मिनिटं. संपवली तर ५,००० रुपये रोख आणि थाळी फुकट. 'पैलवान', 'बकासुर', 'सरकार' अशी नावं असलेल्या मोठ्या थाळ्याही तिथे होत्या. पुढे राज्यभर अशा थाळ्यांचं पेव फुटलं. प्रत्येक ठिकाणचे नियम, वजन आणि बक्षीस वेगळं असतं आणि ते बदलतही राहतं, त्यामुळे जुना व्हिडीओ पाहून थेट गाडी काढू नये.

नावांचा विषय निघालाच आहे तर, बकासुराचं नाव अगदी योग्य आहे. महाभारतात एकचक्रा नगरीतून त्याच्यासाठी गाडाभर भात निघायचा आणि एके दिवशी भीमानं वाटेतच तो स्वतः खाऊन टाकला. रावणाची ख्याती मात्र खादाडपणाची नाही, तो मान त्याच्या धाकट्या भावाचा, कुंभकर्णाचा. तरी चौघांच्या थाळीला हे नाव विचार करायला लावतं. रावणाला तोंडं दहा असली तरी पोट एकच होतं. इथे तोंडं चार आणि पोटंही चार, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते.

माणशी दोन किलो म्हणजे किती?

आठ किलो चौघांत ६० मिनिटांत संपवायचे तर प्रत्येकाला मिनिटाला सुमारे ३३ ग्रॅम खावं लागतं, तेही सलग तासभर, न थांबता. मटणाचा मध्यम तुकडा आणि भाकरीचा एक घास मिळून साधारण एवढं वजन होतं. सुरुवातीला हा वेग अगदीच किरकोळ वाटतो. पहिल्या दहा मिनिटांत बहुतेक जण याच्या दुप्पट वेगानं खातात आणि तिथेच फसतात. कारण हा वेग शेवटपर्यंत टिकत नाही.

योगायोग म्हणजे जगातल्या सर्वांत प्रसिद्ध खाद्य-आव्हानांपैकी एकाचा आकडाही जवळपास हाच आहे. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात अमरिलो इथल्या 'बिग टेक्सन' या हॉटेलात १९६०च्या दशकापासून ७२ औंसांचा, म्हणजे सुमारे दोन किलोंचा स्टेक तासाभरात संपवला तर फुकट मिळतो. सोबत बटाटा, सॅलड, कोळंबी आणि पाव संपवणंही बंधनकारक असतं. फरक एवढाच की तिकडे हे आव्हान एकट्यानं पेलायचं असतं आणि आपल्याकडे चौघं मिळून तेवढ्याच वजनाच्या चार वाट्यांना भिडतात.

वजनात काय काय धरलंय, हाही मुद्दा आहेच. मटणात हाडं असतात, माशात काटे असतात. आठ किलो हे हाडांसकट आहेत का, रस्सा वाटीतला शेवटचा थेंब संपेपर्यंत प्यायचा आहे का, भात-भाकरी 'अमर्याद' आहे की ठरावीक, हे आधी विचारायला हवं. रस्सा आणि सूप हे पातळ असल्यामुळे अनेकांना ते 'खाण्यात' धरावंसंच वाटत नाही. पण पोटाच्या दृष्टीनं अर्धा लिटर रस्सा म्हणजे अर्धा लिटर जागा.

उष्मांकांचा हिशोब ढोबळच करता येतो. तेल-खोबऱ्याच्या वाटणातलं मटण, तळलेला मासा, बिर्याणी, भाकरी असं मिश्रण १०० ग्रॅमला सरासरी १५० ते २०० किलोकॅलरी धरलं, तर दोन किलोंचे ३,००० ते ४,००० किलोकॅलरी होतात. बैठं काम करणाऱ्या भारतीय पुरुषाची दिवसाची गरज 'आयसीएमआर'च्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं सुमारे २,११० किलोकॅलरी सांगितली आहे. म्हणजे दीड ते दोन दिवसांचं जेवण तासाभरात. मिठाचं तर विचारूच नका. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे आणि हॉटेलच्या दोन किलो मसालेदार जेवणात ती कधीच ओलांडलेली असते.

पोट नावाची टाकी

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात टाकीचं एक गणित असतं. एका नळानं पाणी आत येतंय, दुसऱ्यानं बाहेर जातंय, टाकी किती वेळात भरेल? चॅलेंज थाळीचं गणित नेमकं हेच आहे.

रिकामं जठर अगदी लहान, शंभर मिलिलिटरपेक्षाही कमी जागेचं असतं. अन्न येऊ लागलं की त्याच्या भिंती सैल होतात आणि सुमारे एक ते दीड लिटरपर्यंत ते आरामात सामावून घेतं. त्यापुढे ताणलं जातं. बहुतेकांना पोट 'तट्ट' झाल्याची जाणीव इथेच होते. ताणून ते तीन-चार लिटरपर्यंत जाऊ शकतं, पण तो प्रवास सुखाचा नसतो.

आता बाहेर जाणारा नळ. जठरातून अन्न पुढे लहान आतड्यात जातं ते अत्यंत सावकाश, ढोबळमानाने मिनिटाला एक ते चार किलोकॅलरी या वेगानं. तेलकट आणि प्रथिनयुक्त अन्न तर आणखी हळू सरकतं. म्हणजे तासाभरात फार तर २४० किलोकॅलरी पुढे जाणार. आत आलेल्या ३,००० किलोकॅलरींच्या तुलनेत हे जवळपास शून्यच. थोडक्यात, 'जरा उठून फेऱ्या मारू, खाली सरकेल' हा टेबलावरचा सर्वांत लोकप्रिय सल्ला या तासाभरात फारसा कामाचा नाही. टाकी भरत राहते आणि खालचा नळ ठिबकत राहतो.

पोट भरल्याचा निरोप मेंदूला दोन मार्गांनी जातो. जठराची भिंत ताणली गेली की व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत एक संदेश लगेच निघतो. दुसरा निरोप संप्रेरकांचा, अन्न आतड्यात पोहोचल्यानंतर तयार होणारा. तो उशिरा येतो, साधारण १५ ते २० मिनिटांनी. सुरुवातीची वीस मिनिटं म्हणूनच 'आपण सहज संपवू' असं वाटायला लावतात. आव्हान घेणारे याच काळात जास्तीत जास्त खाऊन घेण्याचा प्रयत्न करतात आणि मग दोन्ही निरोप एकदम येऊन धडकतात.

मग जिंकणारे कसे जिंकतात? २००७मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी याचा शोध घेतला. एक व्यावसायिक स्पर्धक आणि एक सामान्य पण भरपूर खाणारा माणूस अशा दोघांना त्यांनी हॉट डॉग खायला दिले आणि क्ष-किरणांखाली जठर पाहिलं. सामान्य माणूस सात हॉट डॉगनंतर थांबला. स्पर्धकानं दहा मिनिटांत ३६ खाल्ले आणि त्याला डॉक्टरांनीच थांबवलं. त्याचं जठर आकुंचन न पावता सैल पिशवीसारखं फुगत गेलं होतं आणि इतकं खाऊनही त्याला पोट भरल्यासारखं वाटत नव्हतं. म्हणजे हे लोक पोटाची नेहमीची 'पुरे' ही सूचना दाबायला शिकलेले असतात. याच संशोधकांनी इशाराही दिला की वर्षानुवर्षं असं केल्यास जठराची हालचाल कायमची मंदावण्याचा, न थांबणारी मळमळ-उलटी सुरू होण्याचा धोका संभवतो. व्हिडीओत दिसणाऱ्या खाद्यवीराची बरोबरी आपण एका रविवारात का करू शकत नाही, याचं उत्तर यात आहे.

थाळी सोपी की एकाच पदार्थाचं आव्हान?

इथे थाळी खाणाऱ्याच्या बाजूनं आहे. एकच चव सतत खाल्ली की त्या पदार्थाचा कंटाळा पोट भरण्याआधीच येतो, पण दुसरा पदार्थ पुढे आला की भूक पुन्हा जागी होते. जेवण 'बास' झाल्यावरही श्रीखंडाला जागा असते ती यामुळेच. बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला केलेल्या प्रयोगात एकाच प्रकारच्या सँडविचऐवजी चार वेगवेगळ्या सारणांची सँडविच दिल्यावर लोकांनी सुमारे एक तृतीयांश जास्त खाल्लं. म्हणजे एकाच चवीची डझनभर प्लेट मिसळ संपवणं हे तेवढ्याच वजनाच्या बारा प्रकारांच्या थाळीपेक्षा कठीण जाणार.

पण बहुतेक टेबलांवर हा फायदा वाया जातो. चौघंही आधी आवडीचंच उचलतात. तंदुरी संपते, सुरमई संपते, सुकं संपतं. तिसाव्या मिनिटानंतर थाळीत फक्त भात, भाकरी आणि रस्सा राहतो, म्हणजे विविधता नेमकी गरज असते तेव्हाच संपलेली असते. मावळातल्या इंद्रायणी भाताचा सुवास कितीही असो, गार झालेला चिकट भात शेवटच्या वीस मिनिटांत गळ्याखाली उतरवणं सोपं नाही.

तिखटाचंही तसंच. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पाणी पिऊन जळजळ पसरते आणि पोटातली जागा मात्र जाते. दूध, दही, ताक यातलं केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून ठेवतं, म्हणून त्यांनी आराम पडतो. सोलकढीत नारळाचं स्निग्ध दूध असतं, पण केसीन नसतं. ती रुचिपालट म्हणून उत्तम, तिखटावर ताकाइतकी उपयोगी नाही. कोल्ड्रिंक तर या टेबलावर नकोच. त्यातला वायू आणखी जागा खातो.

चौघांत खाल्लं की जास्त जातं, हे खरं की खोटं?

खरं आहे, पण अर्धंच. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन डी कॅस्ट्रो यांनी लोकांना आठवडाभर जेवणाची नोंदवही ठेवायला सांगितली. १९८९मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, इतरांसोबत घेतलेलं जेवण एकट्यानं घेतलेल्या जेवणापेक्षा सरासरी ४४ टक्क्यांनी मोठं होतं. आपल्याकडे पंगतीत बसलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायची गरज नाही.

पुढच्याच वर्षीच्या अभ्यासात मात्र त्यांनी एक बारकावा मांडला, आणि चॅलेंज थाळीचं कोडं तिथे सुटतं. सोबत असताना माणूस जास्त खातो तो जास्त वेळ बसतो म्हणून. त्याचा खाण्याचा वेग वाढत नाही. गप्पा रंगतात, मध्ये दहा मिनिटं हात थांबतो, पुन्हा एक भाकरी येते. अशा रमतगमत झालेल्या जेवणात किती गेलं ते कळत नाही. 'आम्ही चौघं बसलो की दोन किलो मटण सहज उडतं' असं सांगणारा खोटं बोलत नसतो. फक्त ते दोन किलो तीन तासांत गेलेले असतात, हे तो विसरतो. घड्याळ लावलं की सोबतीचा हा सगळा फायदा निघून जातो. आणि 'सहज' गेलेले ते दोन किलो चौघांत मिळून होते, इथे माणशी दोन किलो आहेत!

उलट, गटाचा तोटा मात्र राहतो. फ्रेंच कृषी अभियंता मॅक्स रिंगलमन यांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी दोरी ओढणाऱ्या माणसांचं बळ मोजलं होतं. माणसं वाढली की एकूण ताकद वाढते, पण प्रत्येकाचा वाटा कमी होत जातो. दोघं असताना माणशी ९३ टक्के, तर आठ जण असताना जेमतेम निम्मा. काही अंशी ओढण्याचा ताळमेळ चुकतो आणि काही अंशी 'बाकीचे आहेतच की' ही भावना येते. एकाच थाळीत चार हात असले की कुणी किती खाल्लं याचा पत्ता लागत नाही. प्रत्येकाला आपणच सर्वांत जास्त खाल्लं असं वाटतं. चौघांनी सांगितलेले अंदाज एकत्र केले तर बेरीज आठ किलोंच्या पुढे जाईल, थाळीत मात्र दोन किलो शिल्लक!

त्यात चौघांची क्षमता सारखी नसते. समजा एक जण एका किलोवरच थांबला. उरलेल्या तिघांवर सात किलो येतात, म्हणजे माणशी दोन किलो ३३० ग्रॅम. दुसराही दीड किलोवर थांबला, तर दोघांवर साडेपाच किलो. त्यामुळे 'आपल्यात एक भीम आहे' एवढ्यानं भागत नाही. सांघिक थाळी सर्वांत जास्त खाणाऱ्यापेक्षा सर्वांत आधी थांबणाऱ्यावर अडते. मित्रांच्या टोळक्यात असा एक जण बहुतेकदा असतोच, अनेकदा तोच गाडी चालवणाराही असतो.

आणि इथे जेवणापलीकडचं काहीतरी पणाला लागतं. एकट्याच्या आव्हानात थांबणं हा स्वतःपुरता निर्णय असतो. चौघांत थांबणं म्हणजे बाकी तिघांचे पैसे बुडवणं. पाच हजारांचं बक्षीस चौघांत वाटलं तर वाट्याला १,२५० रुपये येतात, म्हणजे पैसा फार मोठा नसतो. पण 'तुझ्यामुळे गेलं' हे वाक्य पुढची अनेक वर्षं ग्रुपवर फिरत राहणार, हे प्रत्येकाला माहीत असतं. शिवाय व्हिडीओ सुरू असतो. त्यामुळे मळमळतंय, छातीत जळजळतंय, तरी हात चालू ठेवला जातो.

आग्रह करून वाढणं ही आपल्याकडची जुनी रीत. लग्नाच्या पंगतीत जिलेबीची पैज लावणारे आणि ताट पालथं घालण्याची धमकी देऊन सुटका करून घेणारे प्रत्येक गावात होऊन गेले. पण पंगतीत आग्रह करणारा यजमान असायचा आणि 'नको' म्हणण्याचा हक्क पाहुण्याकडे असायचा. इथे यजमान घड्याळ लावून बसलाय आणि आग्रह करणारे आपलेच मित्र आहेत. तालमीतल्या पैलवानाचा खुराक हेही उदाहरण अनेक जण देतात. तो खुराक पहाटेच्या जोर-बैठका आणि कुस्तीच्या मेहनतीवर उभा असतो, आठवडाभर लॅपटॉपसमोर बसलेल्या माणसाच्या एका तासावर नाही.

हॉटेलला हे परवडतं कसं?

बुलेट थाळीचेच जाहीर आकडे घेऊ. १ लाख ६५ हजारांची गाडी भागिले २,५०० रुपयांची थाळी म्हणजे ६६. एक बुलेट गेली तर तिची किंमत ६६ थाळ्यांच्या विक्रीएवढी होते. यात मटण-माशांचा खर्च धरलेला नाही, तो धरला तर आकडा बराच वाढतो. पण हरणारा प्रत्येक जण पूर्ण किंमत देतो, सोबत आलेले चार जण साधी थाळी मागवतात आणि सगळ्यांच्या मोबाइलमधून फुकट जाहिरात होते. दारात उभी असलेली बुलेट रस्त्यावरच्या कुठल्याही फलकापेक्षा जास्त गाड्या थांबवते. आखाडात, श्रावण लागायच्या आधीच्या दोन-तीन रविवारी, मटण खानावळींत उभं राहायला जागा नसते. अशा वेळी आव्हानाचं टेबल हा बाकीच्या गर्दीसाठी फुकटचा खेळ होतो.

धोका नेमका कशाचा?

पोट फुटण्याच्या गोष्टी रंगवून सांगितल्या जातात, पण प्रत्यक्षात सर्वांत जवळचा आणि जीवघेणा धोका घशात घास अडकण्याचा. सप्टेंबर २०२४मध्ये केरळच्या पालक्काड जिल्ह्यात ओणमनिमित्त झालेल्या इडली खाण्याच्या स्पर्धेत एका ४९ वर्षीय व्यक्तीचा इडली घशात अडकून मृत्यू झाला. इडलीसारख्या मऊ पदार्थानं हे होऊ शकतं, तर घाईत गिळलेल्या मटणाच्या तुकड्यानं किंवा कोरड्या भाकरीच्या घासानं का नाही? हसत, बोलत, व्हिडीओसाठी ओरडत खाताना तर धोका आणखी वाढतो.

समोरचा माणूस खोकू शकत असेल तर त्याला खोकू द्यावं. आवाजच फुटत नसेल, हात गळ्याकडे जात असतील, चेहरा निळसर होत असेल, तर पाणी पाजू नये. त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधे तळहातानं पाच जोरदार थापा द्याव्यात. तरी सुटलं नाही तर मागून कवेत घेऊन, बेंबीच्या वर मूठ ठेवून, आत आणि वर अशा दिशेनं पाच झटके द्यावेत. घास निघेपर्यंत हे आलटून पालटून करावं आणि दुसऱ्यानं तोपर्यंत १०८ला फोन लावावा. माशाचा काटा टोचून बसला असेल तर भाताचा कोरडा गोळा किंवा केळं गिळण्याचा घरगुती उपाय टाळावा. काटा त्यानं आणखी आत रुतू शकतो. थेट डॉक्टरकडे जावं.

जागा करण्यासाठी मुद्दाम उलटी काढण्याचा प्रकारही घडतो. जोराच्या उलट्यांनी अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला चीर पडून रक्तस्राव होऊ शकतो. पित्ताशयात खडे असलेल्यांना एवढं तेलकट एका बैठकीत खाल्ल्यावर तीव्र वेदना उठू शकतात. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचा त्रास किंवा जुनी आम्लपित्ताची तक्रार असलेल्यांनी या टेबलावर फक्त प्रेक्षक म्हणून बसावं. दारू पिऊन तर अजिबातच नको. गिळण्यावरचं नियंत्रण आणि 'आता थांबावं' हे कळणं, दोन्ही तिच्यानं कमी होतं.

तरीही जायचंच असेल तर?

मग किमान तयारी शहाणपणाची करावी. आदल्या रात्रीपासून कडकडीत उपाशी राहण्याचा फायदा होत नाही, उलट भुकेपोटी सुरुवातीलाच खाण्याचा वेग वाढतो. सकाळी हलकं खाऊन, चार-पाच तासांचं अंतर ठेवून गेलेलं बरं. थाळी आली की आधी चार ताटांत वाटे करावेत, नियमात बसत असेल तर. त्यामुळे कोण कुठे आहे हे दिसत राहतं आणि कमी खाणाऱ्याला सुरुवातीपासूनच रस्सा-सुक्याऐवजी त्याला झेपेल ते देता येतं. भात आणि भाकरी शेवटासाठी ठेवू नयेत, गरम असतानाच मटणाबरोबर संपवाव्यात आणि तळलेल्या माशाचा एखादा तुकडा मुद्दाम मागे राखावा.

टेबलावर बसायच्या आधी चौघांनी एक गोष्ट ठरवून घ्यावी. कुणीही 'बास' म्हटलं तर त्याला पुन्हा आग्रह करायचा नाही आणि बिल चौघांत सारखं. हे आधी ठरलं नसेल तर पंचेचाळिसाव्या मिनिटाला ठरत नाही. परतीची गाडी चालवणारा थाळीत सामील नसावा. एवढं जड जेवण झाल्यावर डोळे मिटू लागतात आणि जुना महामार्ग दुपारी रिकामा नसतो.

उरलेलं पार्सल मात्र लाज न बाळगता बांधून घ्यावं. पैसे दिलेले आहेत. शिजवलेलं मटण, मासे आणि भात बाहेरच्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नये, आणि इथे एक तास टेबलावरच गेलेला असतो. त्यामुळे वाटेत लोणावळ्याला थांबायचा बेत असेल तर तो बदलून पार्सल आधी फ्रीजमध्ये पोहोचवावं, दुसऱ्या दिवशी खाताना वाफ येईपर्यंत गरम करावं. माशाचे उरलेले तुकडे मात्र आधी संपवावेत, ते सर्वांत लवकर खराब होतात.